पीपलरावांचा वळू

पुण्याहून निघालो तेव्हा पेटीत कपडे कमी आणि काचेच्या नळ्या जास्त होत्या. दक्षिणेतल्या जंगलात गोचीड चावून माणसं तापानं दगावत होती. लस करायची तर तो विषाणू कुठवर पसरलाय हे आधी कळायला हवं, म्हणून आमच्या प्रयोगशाळेला ठिकठिकाणच्या जिवंत गोचिडी हव्या होत्या. माझ्या वाट्याला माळवा आला. एकट्यानं करायचा हा माझा पहिलाच दौरा. रिकाम्या हातानं परतलात तर दुसरा मिळणार नाही, असं साहेबांनी हसत हसत बजावलं होतं.

इंदूरहून मोटारीनं देवासला आलो. टेकडीवरच्या देवीला खालूनच हात जोडले आणि पुढे दुसरी मोटार, मग बैलगाडी असं करत पीपलरावां हे गाव गाठलं. मुक्काम काकासाहेबांकडे होता. संस्थानच्या काळात ते सारावसुली पाहणारे अमीन होते. संस्थान गेलं तरी डोक्यावरची पगडी तशीच होती.

जेवायला दाल-बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) आणि वर तुपाची धार. हात धुतो न धुतो तोच काकासाहेब म्हणाले, "चला, जनावरं पाहून घ्या. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी आम्ही सारा बंदोबस्त केला."

गोठ्यात बैल नुसते चकाकत होते. अंगाला कडुनिंबाचा वास. गुराखी रामा छाती फुगवून म्हणाला, "भिया, पूरे गांव में एक किलनी (गोचीड) नी मिलेगी. सब बीन के जला दी."

मी कपाळावर हात मारला. "काकासाहेब, मला त्याच हव्या होत्या," जरा तिखटपणेच बोललो.

त्यांचा चेहरा उतरला. "पाहुण्यांना किडकी जनावरं दाखवायची, हे आमच्या मनातच आलं नाही हो."

माझी मलाच लाज वाटली. पुढचे दोन दिवस गोचिडी चिकटाव्यात म्हणून पांढरं फडकं गवतावरून ओढत फिरलो. फक्त कुसळं मिळाली.

तिसऱ्या सकाळी काकासाहेबांच्या पत्नी ताक वाढता वाढता म्हणाल्या, "देवीच्या वळूला कुणी हात लावलाय थोडाच? त्याच्या अंगावर असतील की."

गावदेवीला सोडलेल्या त्या वळूला कुणी बांधत नसे, धुवत नसे आणि शहाणा माणूस त्याच्यासमोर उभाही राहत नसे. रामानं तर कानांनाच हात लावले. "मैं तो नी जाऊं, भिया."

काकासाहेबांनी पगडी उतरवून पत्नीच्या हाती दिली. मुठीत गूळ घेतला, वळूला नमस्कार केला आणि त्याच्या तोंडापुढे हात धरला. तो गूळ चाटत राहिला आणि मी चिमट्यानं त्याच्या कानामागच्या गोचिडी नळ्यांत भरत गेलो. नळ्या भरेपर्यंत त्यांनी हात मागे घेतला नाही.

पुण्यात त्या गोचिडी वाटून त्यांचा अर्क उंदरांच्या पिल्लांना टोचला. पिल्लं मजेत वाढली. विषाणू नव्हताच. एवढा खटाटोप करून हाती भोपळा, म्हणून मी खट्टू झालो. साहेब म्हणाले, "आजार कुठं नाही, हेही कुणीतरी शोधावंच लागतं." तसं मी काकासाहेबांना कळवलं.

त्यांचं उत्तर आलं: "आपले पत्र देवळापुढे वाचून दाखविले. आमचा वळू निर्दोष निघाला, हे ऐकून गावास फार संतोष जाहला. पुन्हा येणे झाल्यास आधी कळवावे, म्हणजे जनावरे धुणार नाही."

लस अजून झालेली नाही. पण प्रयोगशाळेच्या नकाशावर पीपलरावां गावापुढे 'आजार नाही' हे शब्द माझ्या हातचे आहेत, आणि पाहुण्यांना ते दाखवताना मी आधी उघड्या डोक्यानं उभ्या राहिलेल्या त्या अमिनाची गोष्ट सांगतो.