पट्टी काळी झाली होती

त्या दवाखान्यात दात काढायला आलेला माणूस डॉक्टरांकडे नंतर बघायचा, आधी मावशींकडे. मावशी म्हणजे डॉक्टरांच्या मदतनीस. अंगाने ठेंगण्या, जिभेने तिखट आणि साऱ्या गल्लीच्या तोंडाची खडानखडा माहिती असलेल्या. खुर्चीत टेकलेला माणूस घाबराघुबरा होऊन विचारायचा, "मावशी, अवजारं नीट उकळलीत ना?" मावशींचं उत्तर ठरलेलं असायचं, "माझ्या पोटच्या पोरीला बसवीन या खुर्चीत. आता उघडा तोंड!" मग भले भले मुकाट्याने तोंड उघडायचे.

आणि ही नुसती बोलाची कढी नव्हती. त्यांनी पोरीला खरंच बसवलं होतं. लेकीला दिवस गेले आणि नेमकी त्याच वेळी दाढ ठणकायला लागली. जावई म्हणाले, मोठ्या इस्पितळात नेऊ या. मावशींना ते झोंबलंच. "तिथे अवजारांकडे कोण बघणार आहे? इथे मी आहे," असं म्हणून त्यांनी लेकीला स्वतः खुर्चीत बसवलं, दाढ निघेपर्यंत तिचा हात धरून उभ्या राहिल्या. लेक गालाला बर्फ लावून हसत घरी गेली. आता तिला सातवा महिना लागला होता.

दवाखान्याची मागची खोली हे मावशींचं राज्य. एक बेसिन, एक खिडकी, एक ओटा आणि ओट्यावर वाफेने जंतू मारणारा ऑटोक्लेव्ह. मावशी त्याला भट्टी म्हणत. वापरलेली अवजारं घासायची, कागदी पाकिटांत बंद करायची, वर चिकटपट्टी लावायची आणि वाफेवर ठेवायची. त्या पट्टीवर फिकट रेघा असतात, आच लागली की त्या काळ्या होतात. रेघा काळ्या दिसल्या की मावशींच्या दृष्टीने विषय संपला. डॉक्टरांच्या दृष्टीनेही संपला, कारण मागच्या खोलीत डोकावण्याचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. गुणी माणूस हाताशी मिळाला की मालक आंधळा होतो, त्यातलाच प्रकार.

गेल्या काही वर्षांत गर्दी वाढली होती, भट्टी मात्र होती तेवढीच राहिली. मावशी पाकिटं एकावर एक कोंबायला लागल्या, जशी आपण पाहुणे आले की कपाटात पांघरुणं कोंबतो. वाफ देऊन झाल्यावर पाकिटं वाळायला वेळ द्यावा लागतो, तोही मधेच तोडायला लागल्या, कारण बाहेर लोक खोळंबलेले. मग पाकिटं ओली निघत. त्यावर मावशींनी तोड काढली. लेकीने पहिल्या पगारातून आईला केस वाळवायचं यंत्र आणलं होतं. "या वयात मी केस फुलवत बसू होय?" असं म्हणत मावशींनी ते दवाखान्यात आणलं आणि ओल्या पाकिटांवर त्याचा गरम वारा मारायला सुरुवात केली. डॉक्टरांनी एकदा ते पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "मावशी, डोकं असावं तर तुमच्यासारखं!" मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आरोग्य खात्याच्या तपासणीवाल्या बाई आल्या त्या भर दुपारी. आवाज इतका मऊ की ऐकायला मान पुढे करावी लागे. डॉक्टरांनी दाखवलेल्या खुर्चीवर बसल्या नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ मागच्या खोलीत गेल्या. मावशींनी ऐटीत एक पाकीट पुढे केलं. "हे बघा. पट्टी काळी."

बाईंनी पाकिटाला हात लावला. कागद दमट होता. त्यांची नजर खुंटीला लटकवलेल्या त्या यंत्राकडे गेली आणि तिथेच थांबली.

"मावशी, पट्टी फक्त एवढंच सांगते की पाकिटाला बाहेरून आच लागली. आतलं मेलं की जगलं, हे तिला काय माहीत?"

मावशींना राग आला. पट्टीला माहीत नाही तर मग कुणाला माहीत? बाईंनी बॅगेतून दोन कुप्या काढल्या. दोन्हींत जांभळं पाणी होतं आणि चिवट जंतू होते, माणसाला अपाय न करणारे, पण सहजासहजी न मरणारे. "तुम्ही रोज भरता तशीच भरा भट्टी," बाई म्हणाल्या. एक कुपी त्यांनी पाकिटांच्या मधोमध ठेवली, दुसरी बाहेरच राहू दिली. भट्टी थंड झाल्यावर दोन्ही कुप्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, त्या काचेच्या झाकणाच्या एका उबदार डबीत ठेवल्या आणि डबीला सील लावलं. "जंतू जिवंत असले की पाणी पिवळं होतं. बाहेरची कुपी पिवळी होणारच. भट्टीतली जांभळी राहिली पाहिजे. उद्या संध्याकाळी येते. तोवर कुणाच्या तोंडात काही घालू नका."

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद. तरी डॉक्टर आले, मावशीही आल्या. कामाशिवाय त्या खोलीत बसायची दोघांना सवय नव्हती. नळ ठिबकत होता, तो इतकी वर्षं ठिबकत असणार, पण ऐकू त्या दिवशी आला. डबी ओट्यावर होती. सकाळीच एक कुपी पिवळी झाली. "ती बाहेरची," डॉक्टर म्हणाले. "हो, ती व्हायचीच," मावशी म्हणाल्या. त्यानंतर दोघांनीही ओट्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला. मावशींनी धुतलेलं बेसिन पुन्हा धुतलं. मनात एकच घोळत होतं, लेकीची दाढ ज्या पकडीने काढली ती कोणत्या पाकिटातली? वरच्या की मधल्या?

दुपार कलली तेव्हा दुसऱ्या कुपीच्या तळाशी जांभळा रंग गढूळ दिसायला लागला. मावशींनी चष्मा पुसला. चष्म्याचा दोष नव्हता. बघता बघता दोन्ही कुप्या सारख्याच पिवळ्या झाल्या, कोणती आतली आणि कोणती बाहेरची हे चिठ्ठी वाचल्याशिवाय कळेना. मावशींनी दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या.

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "हे बघा मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची. केव्हापासून असं चाललंय, हे बाई विचारणारच. सांगायचं, गेल्या आठवड्यात गर्दी झाली म्हणून कोंबली पाकिटं. चार लोकांना बोलवावं लागेल, बस. तुमच्या लेकीचं रक्त आपण गुपचूप तपासून घेऊ. तिचं काही अडणार नाही."

"आणि बाकीचे?"

"इतक्या वर्षांत कुणाला काही झाल्याचं ऐकलंय तुम्ही?"

मावशींनी ऐकलं नव्हतं. पण ऐकू कुठून येणार? कुणाला वर्षभराने कावीळ झाली तर तो दाढेची आठवण थोडाच काढणार आहे? त्यांच्या डोळ्यांसमोर ती सगळी उघडी तोंडं आली. शाळेतल्या बाई, कोपऱ्यावरचा शिंपी, त्याची आई. प्रत्येकाने विचारलं होतं आणि प्रत्येकाला त्यांनी पोरीची शपथ घेतल्यासारखं उत्तर दिलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं तरी कुणावर?

संध्याकाळी बाई आल्या. डबीकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची ओढून पहिल्यांदाच बसल्या. "केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी घसा खाकरला. मावशी तोवर उठल्या होत्या. खुंटीवरचं यंत्र त्यांनी काढलं, त्याची वायर नीट गुंडाळली आणि ते बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"हे घरात आलं तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "पोरीच्या पहिल्या पगारापासून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र रागावल्या नाहीत आणि तेच मावशींना जास्त जड गेलं. "मग तेव्हापासून या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला कळवावं लागेल," बाई तशाच मऊ आवाजात म्हणाल्या. "रक्त तपासून घ्या म्हणावं. बहुतेकांना काही झालेलं नसेल. पण कुणाला झालंय, हे घरी बसून कळत नाही."

"फोन मी करते," मावशी म्हणाल्या. "पहिला घरचा."

लेकीने लगेच उचलला. मागे जावयांचा आवाज येत होता, पाळणा जोडताना कुठला तरी स्क्रू सापडत नव्हता. मावशींनी एका दमात सगळं सांगून टाकलं. भट्टी, ओली पाकिटं, पिवळी कुपी, रक्त. सांगताना एकदाही थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुढे बोलताच आलं नसतं.

लेक हसली, लहानपणी ती अंधाराला भ्याली की मावशी हसून तिची समजूत काढायच्या तशी.

"अगं आई, इतकी काय घाबरतेस? मला काही नाही व्हायचं. तू होतीस ना तिथे?"

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"होते गं," त्या म्हणाल्या. "मीच होते."