रोलमधला पहिला फोटो

हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी मी नाशिकला मेन रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. एक गृहस्थ रोल घ्यायला यायचे, काउंटरवरच तो कॅमेऱ्यात भरायचे आणि पहिला फोटो माझा काढायचे. बाकी सगळा रोल त्यांच्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून धूमकेतूसाठी. नुसत्या आभाळाच्या निगेटिव्हवर एक फोटो कुठे संपतो तेच दिसत नाही. एकदा कुठल्याशा स्टुडिओत निगेटिव्हच्या पट्ट्या कापताना त्यांचा धूमकेतू मधोमध कापला गेला होता.

"सुरुवातीला माणूस असला, की पुढचं मोजून कापता येतं," ते म्हणायचे.

"मग घरातल्या कुणाचा का नाही काढत?" मी एकदा विचारलं.

रुमालाने लेन्स पुसत ते म्हणाले, "घरात कुणी असतं, तर पहाटेपर्यंत गच्चीवर बसू दिलं असतं का?"

त्यांनी नाव कधी सांगितलं नाही. पाकिटावर मी 'धूमकेतू' एवढंच लिहायचो. धूमकेतूचे फोटो ते जपून नेत, माझा मात्र मला देऊन टाकत.

शेवटच्या रोलात धूमकेतू पुसट ठिपक्याएवढा उरला होता. माझा फोटो मी सवयीने उचलायला गेलो, तर त्यांनी तो आधीच आपल्या पाकिटात सरकवला होता.

"हा राहू द्या माझ्याकडे," ते म्हणाले.