गाऱ्हाण्यातला पोपट

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं. फ्रीजचं दार उघडलं की पडवीतून धावत यायची. डॉक्टरांनी कान तपासले, जीभ बघितली आणि मला म्हणाले, "घरात तिच्याशी बोलत जा." मला! मी दिवसभर मिरजोळ्याच्या कंपनीत आंब्याच्या डब्यांवरून भांडते आणि संध्याकाळी घरी येऊन सासऱ्यांशी. आमच्या घरात बोलण्याचा दुष्काळ कधी पडलेला नाही.

माझे दीर कुवेतला असतात. त्यांनी आधी एक खेळण्यातलं मांजर पाठवलं. पोट दाबलं की ते "आय लव्ह यू" म्हणायचं. हे वाक्य आमच्या घरात कोणी कोणाला म्हटलेलं नव्हतं. एकदा सासऱ्यांच्या हातून चुकून पोट दाबलं गेलं. मांजर बोललं. सासरे उठून बाहेर गेले ते जेवायलाच आत आले.

मग आला पोपट. त्याच्यासमोर बोलाल ते तो लगेच चिरक्या आवाजात परत बोलायचा. आठवडाभरात आमच्या घरातली एकूण एक शिवी त्याच्या तोंडून ऐकून झाली. मुलगी त्याला काखेत घेऊनच जेवायची, झोपायची. तो बोलायला लागला की चोचीकडे टक लावून बघायची. स्वतः मात्र गप्प. मला त्या पोपटाचा भयंकर राग यायचा. मेल्या प्लास्टिकच्या पक्ष्याला वाचा, आणि माझ्या पोरीला नाही!

शिमगा आला. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान सासऱ्यांचा. देवाची पालखी प्रत्येकाच्या अंगणात येते, सासरे त्या घराचं मागणं देवाला मोठ्यानं सांगतात आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "बाबा, तिच्या बोलण्याचं काढू नका. सगळ्यांदेखत नको."

"मग देवाला काय मेसेज करू?" ते म्हणाले.

पालखी अंगणात टेकली, ढोल थांबले. मुलगी माझ्या कडेवर, पोपट तिच्या काखेत. मी त्याचं बटण बंद करायला गेले तर तिनं असं काही भोकाड पसरलं की मी नाद सोडला.

"बा देवा म्हाराजा, आज शिमग्याच्या सणाला तू या घरात आलास!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

"व्हय म्हाराजा!" पोपट म्हणाला.

पोरं फिदीफिदी हसली. सासऱ्यांनी डोळे वटारले, अर्थात माझ्याकडे बघून. दुसऱ्या मागण्यालाही तेच. पण पोपटाचे सेल उतरत आले होते. आवाज जाड आणि लांबट येत होता, घेतलेल्या माणसासारखा. शिमग्यात तसे दोन-चार आवाज असतातच, त्यामुळे कोणाला फारसं वावगं वाटलं नाही.

"आनि म्हाराजा, या पोरीला तीन वर्सं झाली तरी वाचा फुटलेली नाय. जी काय इडापिडा आसंल ती दूर कर आनि तिला बोलती कर रे म्हाराजा!"

काढलंच शेवटी. मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणाली. मी खाली बघत उभी राहिले.

पोपट गप्प. मुलीनं त्याला हलवलं. चोचीला कान लावला. पुन्हा हलवलं. मग त्याच्याकडे रागानं बघत, सावकाश, स्वतःच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मला वाटलं भास झाला.

सासऱ्यांचं गाऱ्हाणं अगदी मोजकं असतं, एक शब्द जास्त नाही. ते इथंच संपायचं होतं. त्यांनी घसा खाकरला. "कलमांचा आंबा गळू देऊ नको रे म्हाराजा."

मंडळींनी तोंडं उघडली. सासऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"व्हय म्हाराजा," मुलगी म्हणाली.

"नळाला रोज पानी येऊ दे."

"व्हय म्हाराजा."

"हायवेचं काम पुरं होऊ दे."

हे देवालाही जड होतं, पण मुलीनं तेही मान्य केलं. पुढच्या घरची माणसं पालखी न्यायला येऊन ताटकळली होती. सासऱ्यांनी त्यांच्या म्हशीसाठीही मागून घेतलं. कोणी "चला" म्हणालं नाही.

मग त्यांचा आवाज खाली आला. "आनि ही माजी सून, म्हाराजा. तोंडाळ हाय. पन न्हाणीत नळ सोडून रडते, ता आमाला ऐकू येतं. रोज येतं. आता तिला रडू देऊ नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मुलगी म्हणाली, तोवर मी पालखीपुढे मटकन बसून हमसाहमशी रडत होते.