तंबोरा लावायला लागणारा वेळ

वेळ काढला की निघतो, असं म्हणणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. ही मंडळी उंटावरून शेळ्या हाकत असतात. त्यांच्या घरी पाणी भरायला दुसरं कुणीतरी असतं, डबे करायला दुसरं कुणीतरी असतं, आणि पहाटे उठून खर्जाचा रियाज करावा हा सल्ला ते आयता चहा हातात आल्यावर देतात. पहाटे मी उठतेच. पण आमच्याकडे नळाला पाणी त्याच वेळी येतं. पाणी झालं की कणीक, मग मुलांचे आणि नवऱ्याचे डबे, सासऱ्यांची गोळी, आणि पळत पळत हायवेला कंपनीची बस. ह्यात खर्ज कुठे बसवायचा ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. संध्याकाळी थोडा वेळ असतो, तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. चणे आहेत तर दात नाहीत.

मी कागलकडच्या एका फौंड्रीत तपासणी विभागात आहे. ओतून आलेले लोखंडी भाग मापात आहेत का, त्यांना चीर नाही ना, हे बघायचं काम. आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच ते भाग ग्राइंडरवर घासतात. तो आवाज दिवसभर भिंतीतून आत येत राहतो. कानात घालायला बोळे देतात, पण ते घातले की शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही, म्हणून कुणीच घालत नाही. मीही घालत नव्हते. संध्याकाळी बसमधून उतरले तरी तो आवाज माझ्याबरोबर घरी यायचा.

माझ्या गाण्याच्या बाई शहरात, एका जुन्या पेठेत, पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्यांत राहायच्या. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, शाळा सुटल्यावर गाणं केलं. नंतर पुतणी सोबतीला येऊन राहिली. मी लग्नानंतर त्यांच्याकडे जायला लागले, तेव्हा पहिले कितीतरी महिने त्यांनी मला गाऊच दिलं नाही. फक्त तंबोरा लावायला बसवायच्या. चार तारा. त्यातल्या मधल्या दोन एकाच सुराच्या. त्या नीट जुळल्या की दोन आहेत हेच कळत नाही, आणि केसभर जरी फरक राहिला तरी आवाज भरलेल्या घागरीतल्या पाण्यासारखा डुचमळत राहतो. खुंटी पिळायची, ऐकायचं, परत पिळायची. तारेखालचा दोरा जरा सरकवायचा, परत ऐकायचं. कधीकधी सगळा तास त्यातच जायचा आणि मी गाण्याचा एक शब्द न उच्चारता घरी यायची.

एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, निम्मा वेळ ह्यातच जातोय."

"जाऊ दे की!" बाई म्हणाल्या. "तुझ्या कानात आजून कारखाना वाजतोय. त्यो उतरल्याबिगर गायचं न्हाय."

मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं. पण खोटं कशाला बोलू, तारा जुळत आल्या की ग्राइंडरचा आवाज खरंच मागे मागे जायचा आणि एका क्षणी नसायचाच. त्या शांततेत पहिला सा लागायचा. दिवसभरात मला जे काही सुख होतं ते तेवढंच होतं.

मग धाकटा झाला, कामावर जबाबदारी वाढली, आणि रोजचं बाईंकडे जाणं आठवड्यावर, मग पंधरवड्यावर आलं. घरी माझ्याकडे तंबोरा होता, पण तो काढायचा, लावायचा, तोवर कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. कामावरच्या एकीनं मोबाईलमध्ये तानपुऱ्याचं ॲप घालून दिलं. बोट लावलं की सूर सुरू. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. मी पोळ्या लाटताना गायले, कपडे वाळत घालताना गायले, बसमध्ये इअरफोन लावून ओठांतल्या ओठांत ताना घेतल्या. नवराही कौतुकानं सगळ्यांना सांगायचा की बघा, हिनं कसा वेळ काढलाय. मीही मान डोलवायची. वेळेला मी चांगलंच फसवलं, असं मला वाटायचं.

एका रविवारी बाईंकडेही मी तो मोबाईलच लावला. उशीर झाला होता, मुलांना शेजारी ठेवून आले होते. बाईंनी चष्मा वर करून बघितलं.

"ह्यो कायम लागलेलाच असतोय व्हय?"

"हो बाई. कधी उतरतच नाही."

"मग त्यात तुझं काम काय ऱ्हायलं?" असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी हसले होते. पुढच्या वेळीही मोबाईलच नेला.

गेल्या थंडीत बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं, म्हणजे शब्द यायचे ते तुटके, एकेक. दवाखान्यातून घरी आणल्यावर काही दिवसांनी पुतणीचा फोन आला.

"ताई, आत्या रोज कोपऱ्याकडं बोट करती. तंबोरा पायजे म्हणती. मला काय त्यो लावता येत न्हाय. तुमी येता का?"

मला आनंद झाला, हे सांगायला लाज कसली. बाईंना हात नव्हता, वाचा नव्हती, नुसतं ऐकणं उरलं होतं, आणि ते मी त्यांना देऊ शकणार होते. रविवारी दुपारी सगळी कामं नवऱ्याच्या गळ्यात घालून निघाले. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मी तंबोऱ्याची खोळ काढली, धूळ पुसली आणि जमिनीवर बसले.

पहिली तार बरी लागली असं वाटलं. मग मधल्या दोन घेतल्या. एक स्थिर धरून दुसरी तिच्याकडे नेत गेले. पूर्वी कुठे थांबायचं ते हाताला आपोआप कळायचं. आता मी खुंटी पिळत राहिले आणि थांबायची जागा येईना. बाईंनी डाव्या हाताचं बोट वर केलं. मी तार चढवली. बोट खाली आलं. मी उतरवली. असं बराच वेळ चाललं आणि मग ते बोट हलायचं थांबलं. मला वाटलं, लागला. बघितलं तर बाईंनी हात पांघरुणाखाली घेतला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून पुतणी म्हणाली, "झ्याक लागला की ओ!"

मी घाबरले. खरंच घाबरले. पिशवीतून मोबाईल काढला, ॲप सुरू केलं, भोपळ्याजवळ ठेवलं आणि त्या सुराशी तार जुळवायला लागले, बाईंच्या डोळ्यांदेखत. दोन्ही आवाज एकत्र ऐकू येत होते. ते एक आहेत की दोन, मला सांगता येईना. मधेच लक्षात आलं की त्यात तिसराही एक आवाज आहे. बारीक, न थांबणारा. रविवार होता, कारखाना बंद होता, मी कागलपासून कितीतरी लांब पेठेतल्या खोलीत बसले होते, आणि ग्राइंडर चालूच होता. तो कधीपासून असा उतरायचा बंद झाला होता, हे मला माहीत नव्हतं. ऐकायला मी कधी थांबलेच नव्हते.

बाईंनी मान हलवून मला जवळ बोलावलं. आता शिव्या बसणार म्हणून मी खाली मान घालून खाटेपाशी गेले. त्यांनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि माझ्या कानावर ठेवला.

"दमलाय," त्या म्हणाल्या. मग दम घेऊन, "कान."

मला रडू फुटलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. बाई ज्यांच्यात काही आहे असं समजायच्या त्यांना गिरणीच्या आवाजाच्या वर ओरडायच्या, मांडीवर चापट मारायच्या, दारातून परत पाठवायच्या. मी इतकी वर्षं ते खाल्लं होतं. आणि ज्यांचं काही होणार नाही हे त्यांना कळून चुकायचं, त्यांच्याशी त्या फार गोड वागायच्या. वर चहापाणी करायच्या.

माझ्या कानावरचा हात त्यांनी हळूच काढला, पुतणीकडे बघितलं आणि एकेक शब्द जोडत म्हणाल्या, "हिला... च्या... कर."