एक मूठ जास्त

दिवाळीला आठवडा होता, तेव्हा परदेशातल्या एका मराठी आईचा मेल आला. आमच्या पनवेलच्या छोट्या कारखान्यातलं उटणं तिने दहा महिन्यांच्या लेकीला लावलं होतं. सोबत फोटो. गाल, मान, कोपराच्या घड्या, सगळं लालबुंद. मालाचा दर्जा तपासणं माझं काम. त्या दिवशी जेवणाचा डबा मी तसाच घरी नेला.

तिकडच्या वितरकाने दुकानांतून माल काढला आणि दोन दिवसांत कारण कळवा म्हणून बजावलं. दुसरी खेप बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात होती, ती मी थांबवली. ज्यांच्याकडे पुडे गेले त्यांना ‘वापरू नका’ असं कळवत बसले. तोवर आमच्याकडच्या राखीव नमुन्याच्या तपासणीचा निकाल आला. कापूरकाचरी ठरल्यापेक्षा बरीच जास्त होती. वासाची वस्तू ती, जास्त झाली की नाजूक कातडीला सोसत नाही.

मिश्रण करायच्या त्या मावशी. डोंगराकडच्या वाडीवरच्या, वीटभट्टी सोडून आमच्याकडे आल्याला सहा वर्षं झाली होती. मी तशी खडूसच. चोर पकडायच्या तयारीने त्यांच्यापुढे उभी राहिले.

“मावशी, कापूरकाचरी जास्त पडली का?”

“पडली नाय, मीच घातली. दर घमेल्याला एक मूठ वरती.”

“का पण?”

“तूच बोललीस ना बाय, ह्यो माल लांब गेलेल्या लेकींचा हाय. लेकीला मापून कोन देतं?”

 कामाला हुरूप यावा म्हणून ते मीच बोलले होते. आणि माझी आईसुद्धा सासरी निघालेल्या मुलीला तांदूळ मापून झाले की वर एक ओंजळ टाकायची; त्याशिवाय पिशवीचं तोंड बांधत नसे. मावशींना रागवायचं तरी कुठल्या तोंडाने?

मग त्या मालाचा कागद काढला. ‘वजन तपासले’ या रकान्यापुढे माझी सही होती. सहा वर्षांत मावशींचा हात आणि काटा कधी भांडले नव्हते, म्हणून मी काट्याकडे बघणंच सोडलं होतं.

मालक म्हणाले, “संबंधित कामगाराला कामावरून काढलंय, असं अहवालात लिहा. तिकडचे शांत होतील.” माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. मीही घाबरले होते. खोटं कशाला बोलू, ते वाक्य मी टाइप केलं. मावशींची नोकरी गेली तर पुन्हा भट्टी, पुन्हा नातवंडांसकट वाडी सोडून जाणं, हे ठाऊक असून केलं.

दुपारी मावशी टेबलाशी आल्या. नोकरीचं विचारतील म्हणून मी मान वर केली नाही.

“त्या पोरीचा फोटो दाव.”

दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तिच्या आयेला माजं बोलनं पोचंल काय?”

मी फोनवर रेकॉर्डिंग लावून तो त्यांच्यासमोर धरला. फोनशी बोलताना त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

“बाय, मी जास्त घातली. चांगलं व्हावं म्हनून घातली, पन तुज्या लेकीला तरास झाला. माज्यावर राग धर. बाकी कुनाची चूक नाय.”

बाकी कुणाची नाही म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गेल्यावर मी ते बोलणं त्या आईला पाठवलं. मग अहवालातलं ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, ‘वजन न तपासता सही मी केली.’ खाली नाव घातलं आणि मालकांना वाचून दाखवलं. ते चिडले, दोनदा बाहेर जाऊन आले आणि शेवटी म्हणाले, “पाठवा.”

चार दिवसांनी त्या आईचा निरोप आला, लाली उतरतेय. मावशींनी तो मला तीनदा वाचायला लावला.

मावशी कामावर राहिल्या. माझा सहीचा अधिकार काढून मला पुडे भरायच्या टेबलावर बसवलं. दुपारनंतर मावशीही तिथेच भरायला असत. पहिल्या दिवशी मी त्यांच्या बाकाशी उभी राहिले.

“माज्यामुळं?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही मावशी. बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही.”

त्या बाकावर सरकल्या आणि मला जागा करून दिली.