पंगतीला न आलेली बाई

लोह्याकडची ती घटना आजही आठवली की माझा मलाच राग येतो. मी तेव्हा तिथला ठाणेदार होतो. एका गावात साखरपुडा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत दोन म्हातारी माणसं दगावली. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, उरलेली भाजी आणि बुंदी सील करून प्रयोगशाळेकडे रवाना केली. तेवढ्यात पोलीस पाटलाने बाजूला घेऊन खबर दिली, की आचारी ग्रामपंचायतीला यजमानाविरुद्ध उभा राहून पडला होता. झालं, माझ्या डोक्यात विषप्रयोग पक्का बसला. आचाऱ्याला गाडीत घालून ठाण्यात आणला.

"साहेब, घरी बायकू एकटी हाय. लई उलट्या करून राहिली," तो बसल्या बसल्या म्हणाला.

चौकशीला आणलेल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी असतंच. तीस वर्षं हेच ऐकत आलो होतो. "नाटकं बंद कर, भाजीत काय घातलंस ते सांग," मी दरडावलं. तीन तास तेच चाललं. गावच्या शाळेत डॉक्टरांचं पथक बसलं होतं, पण तिला तिथवर उचलून नेणारा माणूस माझ्यासमोर बाकावर होता.

शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "अवो, ती पंगतीला आलीच न्हाई. माझ्या भाजीनं तिला कसं होईल?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी विचारलं, "नवरदेवाकडचे पाहुणे जेवले का?"

"हाव. पहिली पंगत त्यांचीच."

पाहुणे जळकोटचे. तिथल्या ठाण्याला फोन लावला. हवालदार व्याह्यांच्या घरी जाऊन आला, सगळे ठणठणीत. आचाऱ्याला विचारलं, पाणी कुठलं प्यायले? पाहुण्यांना जार मागवले होते. आपल्याकडची रीतच ती, व्याह्यांना जार आणि गावाला नळ.

तालुका आरोग्य अधिकाऱ्याला फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "त्या नळाचा नमुना गेल्या आठवड्यातच नापास झालाय. पंचायत समितीला पत्र दिलंय." पंचायत समितीने ते ग्रामसेवकाला पाठवलं होतं. ग्रामसेवकाने फाइलला लावलं होतं, सरपंच परगावी म्हणून. प्रत्येकाने आपलं काम केलं होतं, जावक क्रमांकासकट. मीही केलंच होतं की. शाळेतल्या डॉक्टरला मी एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. आमच्या फोननंतर नळ बंद झाला. जलवाहिनी गटारात फुटलेली सापडली.

आचाऱ्याला मी स्वतः घरी सोडायला गेलो. बाई न्हाणीच्या उंबऱ्याशी पडलेली होती, अंग गार. तो खाली बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्या तुम्हाला पहिल्यांदाच सांगितलं होतं." माझी चूक होती, आणि ती कुठल्याच कागदावर आली नाही.

आता नवे फौजदार भेटायला येतात, अनुभव विचारतात. मी एवढंच सांगतो. गावात एकदम माणसं आजारी पडली तर आधी डॉक्टरला गाठा, त्याला काय ठाऊक आहे ते विचारा, आपल्याला काय ठाऊक आहे ते सांगा. आणि समोर बसलेला माणूस घरी कोणी आजारी आहे म्हणाला, तर एक शिपाई पाठवून बघा. खोटं निघालं तर शिपायाची एक फेरी वाया जाईल.