अंदाजापेक्षा कमी खर्च

बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मी सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथं एक गोष्ट हाडात मुरली. माल कमी भरला तर कोणीतरी नेला, एवढंच. पण माल जास्त भरला की समजावं, खरी भानगड इथंच आहे.

त्रेपन्नाव्या वर्षी मी नोकरी सोडली. आधी घरखर्चाचा कागद केला, महिन्याला अठ्ठावीस हजार. नातेवाइकांसमोर छाती फुगवून सांगितलं, "खर्च याच्या वर गेला तर मी परत बुटीबोरीची बस धरतो." सगळे हसले. बायको चहाचे कप उचलून आत गेली.

एक तारखेला पैसे तिच्या हातात द्यायचे, महिनाअखेर तिनं हिशेब सांगायचा आणि मी रजिस्टरात लिहायचा, अशी पद्धत ठरली. पहिल्या महिन्यात दीड हजार उरले. दुसऱ्या महिन्यात दोन. कारखान्यातले जुने सोबती म्हणाले, नशीबवान आहेस बे! मी मनात म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

नाही तर काय! नोकरीत दुपारचं जेवण कॅन्टीनमध्ये व्हायचं, आता घरी दोन वेळचं जेवण आणि पाच वेळा चहा. एप्रिलपासून कूलर दिवसभर सुरू. वरून 'हा काय, घरीच असतो' म्हणून कोणालाही दवाखान्यात न्यायचं असलं की फोन मलाच, आणि पेट्रोल माझं. यातलं काहीच मी कागदात धरलं नव्हतं. मग खर्च कमी कसा भरतो?

तसाही पहिल्या आठवड्यापासून मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकूनच बसायचो. आता तेलाच्या डब्यावर पेन्सिलीनं खूण केली, तुरीची डाळ मोजून ठेवली. "घराले स्टोअर समजून राहिले का?" बायको म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेल जेवढं जायचं तेवढंच जात होतं, डाळही.

मग एक दिवस ती बाहेर गेल्यावर मी तिचं कपाट उघडलं. लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही. बांगड्या, ठेवणीतलं मंगळसूत्र, सगळं जागेवर, विकलेलं काही नाही. पण साड्यांच्या खाली लाइटचं बिल सापडलं, बत्तीसशे रुपयांचं. रजिस्टरात तिनं मला चौदाशे लिहायला लावले होते! बिल फुगवणारे मी आयुष्यभर पाहिले. बिल दाबणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

म्हणजे वरचे पैसे तिला कोणीतरी देत होतं. कोण? नरखेडकडे तिच्या भावाचा संत्र्याचा बगीचा आहे. सासरच्या पैशावर माझी निवृत्ती चाललीय, या विचारानंच डोक्यात तिडीक गेली. काहीतरी निमित्त काढून त्याला फोन लावला. बोलता बोलता तोच म्हणाला, "जवाईबापू, मोटर जळली, पाच-सात हजार असतील तर पाहा न." तो देणारा नव्हता. मग मनात जे जे आलं, ते मी इथं लिहीत नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती विहारात महिला मंडळाला जाते म्हणून सांगायची. एकदा तिच्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग दिसले. विचारलं तर म्हणे, कुकरची वाफ. कुकरची वाफ दोन्ही हातांवर? त्या शुक्रवारी मी विहाराकडे चक्कर मारली. दाराला कुलूप.

पुढच्या मंगळवारी तिच्या ऑटोमागं स्कूटर घातली. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या एका गल्लीत ऑटो थांबला. टिनाच्या शेडखाली चार चुली पेटलेल्या, चुलींवर उपडे मटके, आणि चार बाया लांबरोट्या करत होत्या. लग्नाबिग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी असाव्यात. थोड्या वेळानं माझी बायको पदर खोचून त्यांच्यात बसली. सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत तिनं कोपरापर्यंत लांबवला आणि अलगद मटक्यावर टाकला. इतक्या वर्षांत घरी कधी लांबरोटी केली नाही. विचारलं की म्हणायची, मले कुठं जमते!

मी हेल्मेट न काढता तसाच उभा. एका बाईनं विचारलं, "काय पाहिजे गा भाऊ? ऑर्डर द्याची आहे का?" घाबरून माझ्या तोंडून निघालं, "दहा द्या." आवाज ऐकून बायकोनं मान वर केली. दहा मोजून बांधल्या आणि पैसेही घेतले.

संध्याकाळी ती घरी आली. मी विचारलं, "काहून नाही सांगितलं?"

"खर्च पहिल्याच महिन्यात वर गेला होता. सांगितलं असतं तर तुम्ही बस धरली असती."

माझ्यासाठी एवढं केलं हिनं! आणि मी काय काय संशय घेत बसलो. तसं बोलूनही गेलो.

"थांबा," ती म्हणाली. "पैशासाठी गेली, हे खरं. पण पैसे काय, तुम्हाले दोन शब्द सांगून खर्च कमी केला असता. तुम्ही सकाळपासून खुर्ची टाकून माह्या हाताकडं पाहत बसता. तेल किती घेतलं, चहात साखर किती टाकली. मले श्वास घ्याले जागा पाहिजे होती. चुलीजवळ बसली की तिथं कोणी मोजत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सुचलं ते भलतंच. जुनी खोड. विचारून बसलो, "किती मिळतात?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "ते मी सांगणार नाही," म्हणाली आणि हाताला तूप लावायला आत गेली.

ती अजून जाते, आता मला सांगून जाते. तिची पर्स खुंटीला लटकलेली असते, माझ्या हाताच्या अंतरावर. तो आकडा मला आजही माहीत नाही.